पश्चिमेची भिंत

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, असें आपल्याकडे म्हणतात. ज्या कोणा अनुभवी गृहस्थानें हें प्रथम म्हटलें त्याचें घर नवें असावें. बांधलेलें घर पुढें शंभर-सवाशें वर्षें राखण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असता, तर म्हणींत आणखी एक पद त्यानें खचित घातलें असतें. आमच्या घरीं लग्न आणि भिंत हे दोन्ही प्रसंग एकाच वर्षीं उभे राहिले, आणि दोहोंना पुरेल एवढा पैसा कोणाजवळच नव्हता. त्या वर्षीं आमच्या कुटुंबांत जें झालें तें येथें सांगत आहों. जुन्या घरांत राहणाऱ्या वाचकांस त्यांतील आंकडे तरी उपयोगीं पडावे.

आमचा वाडा वाईस आहे. तो पणजोबांनीं बांधला. खालचा मजला दगडी, वरचा विटांचा, आणि त्या विटांच्या भिंतीच्या पोटांत सागवानी खांब व तुळया उभ्या-आडव्या गुंफलेल्या. घराची पुढची बाजू पूर्वेस, रस्त्यावर आहे. तेथें दिंडीदरवाजा आहे, नक्षीचा सज्जा आहे. येणाराजाणारा मान वर करून पाहतो. पश्चिमेची भिंत मागच्या बोळांत. बोळ चार हात रुंद. तेथून सायकली आणि मांजरें यांवांचून फारसें कोणी जात नाहीं. घराचें तोंड कोणतें आणि पाठ कोणती हें लहान मुलासहि सांगतां येईल. पावसास मात्र तें समजत नाहीं. तो पसरणी घाटाकडून खालीं उतरतो आणि चार महिने त्या पाठीवरच झोड धरतो. महाबळेश्वराच्या मानानें वाईचा पाऊस थोडा, हें खरें. पण भिंतीला तो थोडा वाटत नाहीं.

पूर्वीच्या लोकांस हें चांगलें ठाऊक होतें. महाबळेश्वरास पावसाळ्याआधीं घरांच्या भिंतींना गवताचे जाड तट्टे बांधीत आणि पाऊस सरला कीं सोडून टाकीत. कोंकणांत पडवीच्या उघड्या बाजूस नारळीच्या झावळ्या विणून त्यांचा आडोसा करीत, आणि कोठें कोठें अजूनहि करितात. भिंतीवर असें कांहीं घालावयाचें कीं जें भिजेल, कुजेल, टाकून देतां येईल, आणि त्याच्याआड भिंत सुखरूप राहील. चुन्याचा गिलावा याच जातीचा आहे. तो भिंतीचा अंगरखा. तो मळावा, झिजावा, कोठें फाटला तर तेवढाच सांधावा, हाच त्याचा धर्म. चुनखडी भट्टींत भाजली कीं तिची कळी होते. कळी पाण्यांत टाकली कीं ती रटरटते, फुलते आणि तिचा मऊ चुना होतो. त्यांत वाळू आणि विटांची पूड, म्हणजे सुर्की, घालून तो घाणींत मळीत असत. बैल फिरत, दगडी चाक फिरे. असल्या घाणींचीं वर्तुळें अनेक किल्ल्यांवर आजहि दिसतात. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर हीं ज्याच्या त्याच्या गुरूप्रमाणें. भिंतीवर चढल्यावर चुना हवेंतील कर्बाम्ल वायु हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. हें काम महिनोन्महिने चालतें. मुख्य गोष्ट ही कीं, इतकें होऊनहि त्याची छिद्रें बुजत नाहींत. पावसांत भिंत ओली होते आणि ऊन पडलें कीं ती ओल आली त्याच वाटेनें परत जाते.

सिमेंटाची प्रकृति निराळी. ज्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतात त्याचें पेटंट १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें घेतलें. आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना १९१४ सालीं माल काढूं लागला, आणि पुढें पूल, धरणें, इमारती यांनीं सिमेंटाचें नांव झालें तें योग्यच झालें. त्या कामांत त्याला तोड नाहीं. परंतु मऊ, जुन्या विटेवर त्याचा थर म्हणजे अंगरख्याच्या जागीं चिलखत. ऊन-थंडीनें भिंत थोडी हलते. चिलखत हलत नाहीं, तडकतें. केसाएवढ्या फटींतून पाणी आंत शिरतें आणि मग त्यास बाहेर पडण्यास वाट उरत नाहीं. तें घराच्या आंतल्या बाजूस येतें. विटांस लोणा लागतो, आणि भिंतीच्या पोटांतील लांकूड अंधारांत निमूटपणें कुजत राहतें.

हें सर्व आज आम्ही मोठ्या ऐटींत लिहीत आहों. १९९२ सालीं यांतील एक अक्षर आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं पश्चिमेचा गिलावा बराच सुटला होता. वडिलांच्या मनांत नेहमींप्रमाणें चुन्याची डागडुजी करावयाची होती. आम्ही नुकतेच नोकरीस लागलेले. दर दोन-तीन वर्षांनीं तीच कटकट कशाला, एकदां सिमेंट लावून मोकळे होऊं, असा हट्ट आम्हींच धरिला. गुत्तेदार म्हणाला, "पन्नास वर्षें बघायला नको." वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें आणि बरें म्हटलें. भिंत ५६ फूट लांब आणि २१ फूट उंच. खिडक्या-दारें वजा जातां ११०० चौरस फूट, म्हणजे ११ ब्रास. (वाळू-खडींत ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि गिलाव्यांत १०० चौरस फूट, ही मौज घराचें काम निघेपर्यंत कोणास कळत नाहीं.) फुटास नऊ रुपयांप्रमाणें ९,९०० रुपये लागले. भिंत काशाच्या ताटासारखी सपाट झाली. तिच्यासमोर उभें राहून आम्हीं छायाचित्रहि काढून घेतलें.

त्या भिंतीला लागून वरच्या मजल्यावर काकूंची खोली आहे. काकू म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांच्या पत्नी. चुलते लवकर गेले, मूलबाळ नव्हतें. आम्हां तिघां भावांचें दुखणेंभाणें, अभ्यास आणि मुंजीचे लाडू हाच त्यांचा संसार झाला. आज त्यांस पंच्याऐशीं वर्षें आहेत. तीन-चार पावसाळे बरे गेले. मग त्यांच्या खोलींत आंतून पोपडे येऊं लागले. आम्हीं रंग दिला. पुन्हा आले. मग पाणी अडविणारा म्हणून विकतात तो रंग बाहेरून दिला, म्हणजे होतीं नव्हतीं तीं छिद्रेंहि बुजविलीं. वडिलांची जमाखर्चाची वही आतां आम्ही चालवितों. तींत १९६० ते १९९० या सालांत "पश्चिम भिंत, चुना, मजुरी" अशा नोंदी दोन-तीन वर्षांआड सांपडतात. रक्कम कोठें १८ रुपये, कोठें ३१, शेवटची २४०. कटकट ती हीच. १९९२ नंतर आमच्या अक्षरांत तीनच नोंदी आहेत: १९९६ सालीं ६,५०० रुपये, २००३ सालीं १४,०००, २०११ सालीं ३८,०००. म्हणजे ९,९०० रुपयांच्या त्या भिंतीवर पुढें ५८,५०० रुपये गेले, आणि ओल गेली नाहीं. काकूंच्या खोकल्याच्या औषधांचा खर्च निराळ्या पानावर आहे. तीं दोन पानें शेजारीं ठेवून पाहावीं असें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

काकूंनीं तक्रार केली नाहीं. त्यांनीं पलंग भिंतीपासून हातभर पुढें ओढला. मग ट्रंक ओढली. मग देवांची तसबीर त्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर लाविली. ही हालचाल वीस-पंचवीस वर्षांत इतकी सावकाश झाली कीं खोली लहान होत चालली आहे हें आमच्या कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं.

जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९ सेंटिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, तो वाचकांस आठवत असेल. आम्हांकडे त्या मानानें निभावलें. पण त्यानंतर काकूंच्या खोलीचें दार घट्ट बसूं लागलें. पुढच्या वर्षीं, २०२२ च्या भाद्रपदांत, सुतार दार तासावयास आला. तो थोर अनुभवी मनुष्य. दार राहूं दिलें आणि वर तुळईच्या टोंकास टोचा लावला. पिकल्या पेरूंत शिरावा तसा तो आंत गेला.

आतां भिंतीचें अंग पुरतें बदलणें प्राप्त झालें. आम्हीं तीन अंदाज मागविले. पहिला सिमेंटाचाच: जुना थर काढून नवा, फुटास ७० रुपये, एकूण ७७,०००. दुसरा पत्र्याचा. आमच्या बंगळूरच्या धाकट्या बंधूंचा कल त्याच्याकडे होता. लोखंडी पट्ट्यांची चौकट भिंतीस ठोकून तिच्यावर रंगीत पत्रे चढवावयाचे. फुटास १३० प्रमाणें १,४३,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर. पत्रा वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. मागें वारा खेळता ठेवला तर तो महाबळेश्वरच्या तट्ट्यांचेंच काम करितो, आणि कित्येकांच्या घरीं तो सुखानें नांदत आहे. पण आमच्याकडे तो बसणार होता सडक्या तुळईवर. शिवाय काकूंनीं एकच प्रश्न विचारला, "मला डब्यांत भरतां कीं काय रे?"

तिसरा अंदाज चुन्याचा. चुन्यांत हात असलेले गवंडी आतां शोधावे लागतात. आम्हांस मिळाले ते सत्तरी उलटलेले, कानानें थोडे कमी ऐकणारे. पहिल्या दोघांनीं बोळांत उभे राहून फीत धरिली होती आणि भाव सांगून ते निघून गेले होते. ह्यांनीं फीत काढलीच नाहीं. बोटाच्या पेरानें भिंत ठोकीत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत गेले, जेथें पोकळ वाजलें तेथें कोळशानें फुली केली, आणि मग विचारलें, "आत कोण झोपतं?" आम्हीं सांगितलें. ते जिना चढून वर गेले, काकूंस नमस्कार केला, भिंतीस तळहात लावून बराच वेळ उभे राहिले. मग खालीं येऊन भाव सांगितला: फुटास २४० रुपये.

२,६४,००० रुपये! आणि तेवढ्यानें भागणार नव्हतें. जुनें सिमेंट काढणें, परांची, विटा, लांकूड हें सर्व वेगळें. इकडे थोरल्या बंधूंच्या मुलीचें लग्न पुढच्या वैशाखांत ठरलेलें. दादा पुण्यास असतात. पण लेकीचें लग्न वाड्यांतूनच व्हावें अशी त्यांची फार दिवसांची हौस. त्यासाठीं पुढची बाजू रंगवावयाची, सज्जा दुरुस्त करावयाचा, अंगणांत फरशी बसवावयाची. त्याचा आंकडाहि तीन लाखांच्या आसपास. दिवाळीस सगळे जमले तेव्हां लक्ष्मीपूजन आटोपल्यावर माजघरांत बैठक बसली.

दादांचें म्हणणें अवाजवी नव्हतें. लग्न एकदांच व्हावयाचें, माणसें रस्त्यानें येणार, बोळानें येणार नाहींत. भिंतीचें काम पुढच्या वर्षीं करूं, तोंवर सुताराकडून तुळईस टेकू देववूं. धाकटा म्हणाला, पत्राच लावा म्हणजे दोन्हीं होईल. आम्ही काय म्हणालों? आम्ही येथें राहतों, ओल रोज पाहतों, १९९२ चा हट्ट आमचा. तेव्हां आम्हीं तरी ठाम उभें रहावें कीं नाहीं? आम्ही दादांच्या बाजूनें बोललों. एकाच वर्षाचा प्रश्न आहे, असें म्हणालों. पाहुण्यांनीं आपलें घर कोणत्या बाजूनें पहावें याची फिकीर आम्हांसहि होतीच. काकू वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीसाठीं लग्नाला कमी करूं नका. मला आतां किती दिवस काढायचेत?" असें वाक्य घरांत उच्चारलें गेलें कीं पुरुषमाणसांस हायसें वाटतें, हें लिहितांना आम्हांस शरम वाटते, पण त्या वेळीं हायसें वाटलें, हें खरें आहे. बैठक उठली.

त्या रात्रीं घरांत माणसें फार होतीं, म्हणून थोरल्या वहिनी काकूंच्या खोलींत भिंतीकडेला अंथरूण घालून निजल्या. सकाळीं चहाच्या वेळीं त्या उशी घेऊन खालीं आल्या आणि ती दादांच्या पुढ्यांत ठेवली. म्हणाल्या, "हात लावून पहा." पाऊस जाऊन आठवडेच्या आठवडे लोटले होते. उशी दमट होती. दादांनीं हात लाविला, आम्हीं लाविला. कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनीच पुढें म्हणाल्या, "लग्न माझ्या मुलीचें आहे. घराच्या तोंडाला रंग नसला तरी चालेल मला. दाराला तोरण बांधूं."

काम मार्गशीर्षांत निघालें. सिमेंट काढतांना प्रथम कळलें कीं तें कशाला धरून बसलें होतें. प्रत्येक पोपड्याबरोबर विटेचें तोंड सोलून येई, मागें लाल भुकटी उरे. नऊशें विटा बदलाव्या लागल्या. आमच्या जुन्या विटा पातळ आणि रुंद. आजची वीट त्यांच्या थरांत बसत नाहीं. सुदैव म्हणावें कीं दुर्दैव, पलीकडच्या आळींत एक वाडा पाडण्याचें काम चाललें होतें. तेथील विटा मिळाल्या. त्या वाड्यांत लहानपणीं आम्ही मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशीं उरलेल्या करंज्या खावयास जात असूं. बाकी हिशेब असा झाला: चुन्याचें काम २,६४,०००, जुना थर काढणें २२,०००, परांची १८,०००, विटा वाहतुकीसह १५,०००, तुळईचें टोंक आणि दोन खांबांचीं जोडकामें ५८,०००, वळचणीची नवी पन्हळ ११,५००. एकूण ३,८८,५०० रुपये; तिघांत वांटून प्रत्येकीं १,२९,५००. यांतले ५८,००० लांकडाचे आहेत, ते वस्तुतः १९९२ च्या ९,९०० रुपयांचेंच व्याज. वहीत ते आम्हीं त्याच सदरांत लिहिले आहेत. पन्हळीचा खर्च सर्वांत थोडा, पण कोणी विचारील तर प्रथम तोच करावा असें आम्ही सांगूं. वळचणीचें पाणी भिंतीवर आलें तर चुना काय आणि सिमेंट काय, दोघेहि हरतात.

चुन्याला घाई खपत नाहीं. एक हात दिला कीं ओलीं पोतीं टांगून ठेवावयाचीं, दिवसांतून चार वेळां पाणी शिंपडावयाचें, मग कांहीं दिवसांनीं दुसरा हात. गवंडी संध्याकाळीं घरीं जात तेव्हां शिंपडण्याचें काम आमच्याकडे आणि शेजारच्या दोन पोरांकडे असे. फाल्गुनांत परांची उतरली. भिंत सिमेंटासारखी सपाट दिसत नव्हती. उन्हांत तिच्यावर हाताचे उंचसखल दिसत. वैशाखांत लग्न झालें. पुढच्या बाजूचा जुना फिका रंग लग्नाच्या सर्व छायाचित्रांत आहे. दादांनीं त्यांतलें एकहि टाकलें नाहीं. वरपक्षाकडील एका वृद्ध गृहस्थांनीं मात्र हात धुण्यास बोळाकडे गेले असतां भिंत पाहिली आणि मुद्दाम आंत येऊन विचारलें, चुना कोठून आणला म्हणून.

पहिल्या पावसाळ्यांत आम्हीं धसका घेतला होता. भिंत भिजून काळपट होई. धाकट्यानें त्याचें चित्र पाहून बंगळूरहून विचारलेंहि, "हेंच का तें चार लाखांचें?" पण दोन दिवस उघडीप मिळाली कीं ती पुन्हा पांढरी होई. भिंतीच्या पोटांत तीस वर्षांची ओल सांठलेली. ती निघावयास दोन पावसाळे गेले. आंतल्या बाजूस लोण्याचे डाग आणखी कांहीं काळ उमटत राहिले, ते काकू केरसुणीनें झटकून काढीत. खोकला अजून आहे. डॉक्टर म्हणतात तो आतां जाणार नाहीं.

२०२५ च्या आषाढांत एके दुपारीं वरून कांहीं ओढल्याचा आवाज आला. वर जाऊन पाहिलें तों काकू आणि कामाची बाई मिळून ट्रंक ढकलीत होत्या. पलंग आधींच भिंतीस लावून झाला होता. बाहेर पावसाची झड चालू होती. आम्ही म्हणालों, "काकू, मला हाक मारायची कीं नाहीं?" त्या म्हणाल्या, "तूं ती तसबीर काढ. खिळा तिथेंच आहे अजून."